नदीच्या वाळूतले सोने : बागबाजारचा मराठा खंदक, सुवर्णरेखा आणि सोने धुणारे लोक

प्रस्तावना

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. तिथे 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने कोलकात्याभोवती जो खंदक खणला गेला, त्याची ही आठवण. त्या स्वाऱ्या थांबल्या तेव्हा मराठे आणि बंगालचा नवाब यांच्यातील सीमा एका नदीवर ठरली. त्या नदीचे नाव सुवर्णरेखा. तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या वाळूत आजही लोक सोने धुतात.

या टिपणात आपण नदीच्या वाळूतून सोने काढण्याचा इतिहास पाहणार आहोत. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे आज हा सुटीच्या दिवसाचा छंद झाला आहे. भारतात मात्र त्याचा इतिहास छंदाचा नाही, मजुरीचा आहे. सोन्याच्या इतिहासात राजे, खजिने, नाणी आणि खाणकंपन्या यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. वाळू धुणाऱ्या माणसाबद्दल फार थोडे लिहिले जाते. नदीतले सोने नेमके किती होते हे समजायचे असेल, तर त्या माणसाच्या दिवसभराच्या कमाईकडे पाहावे लागते, हा या टिपणाचा मुख्य मुद्दा आहे.

१. वाळूत सोने येते कसे, आणि बागबाजारला का सापडत नाही

सोने मुळात खडकात असते, बहुधा गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांमध्ये. ऊन, पाऊस आणि वाहते पाणी यांनी खडक झिजतो आणि सोन्याचे बारीक कण ओढ्यात येतात. सोने गंजत नाही आणि पाण्यात विरघळून जात नाही. खडकाची माती झाली तरी सोने सोनेच राहते.

पुढचे काम वजन करते. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर साध्या वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५ पट असते. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके कमी होते. म्हणून पाण्याखाली समान आकाराच्या दोन कणांची तुलना केली, तर सोन्याचा कण क्वार्ट्झच्या कणापेक्षा सुमारे अकरा पट जड भरतो. प्रवाह मंदावतो तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूस, मोठ्या दगडाच्या आडोशाला किंवा खडकाच्या भेगेत, सोने आधी खाली बसते. त्याच्याबरोबर मॅग्नेटाइटसारखी जड काळी वाळू बसते. सोने धुणारा माणूस आधी काळी वाळू शोधतो, याचे कारण हे आहे.

धुण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. काठवटीसारख्या उथळ लाकडी पात्रात रेती घ्यायची, ते पाण्यात धरून गोल हलवायचे आणि किंचित तिरपे करायचे. हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून जाते, जड वाळू तळाशी उरते. शेवटी चमचाभर काळी वाळू राहते आणि तिच्यात, नशीब असेल तर, पिवळे ठिपके दिसतात. उपकरण साधे असले तरी हात तयार व्हायला काही वर्षे लागतात. हलवण्यात थोडी घाई झाली तर सोनेही वाहून जाते.

आता बागबाजारचा विचार करू. गंगेला हिमालयातून येऊन मिळणाऱ्या काही नद्यांच्या वाळूत सोन्याचे कण आहेत. परंतु बंगालच्या त्रिभुज प्रदेशात पोहोचेपर्यंत नदीचा उतार जवळजवळ संपतो. जड कण शेकडो किलोमीटर मागेच बसलेले असतात आणि कोलकात्याच्या घाटांपर्यंत येतो तो बारीक गाळ. त्यामुळे बागबाजारच्या घाटावर काठवट घेऊन बसणाऱ्याला नदीने आणलेले सोने मिळण्याची आशा जवळजवळ नाही. कोलकात्याला सोन्याची नदी हवी असेल तर पश्चिमेला, छोटा नागपूरच्या पठाराकडे पाहावे लागते. इतिहासात कोलकात्याने तेच केले.

२. खंदक आणि सीमानदी

१७४२ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरला. त्याच्या सैन्यातील बारगीर, म्हणजे सरकारी घोडा आणि हत्यार घेऊन लढणारे स्वार, बंगालीत 'बर्गी' झाले. त्यांच्या लुटीची धास्ती बंगाली अंगाईगीतांत आजही ऐकू येते. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात लिहिलेल्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात खेड्यांतील जाळपोळ आणि पैशासाठी केलेला छळ यांचे वर्णन आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी हा इतिहास बंगालच्या बाजूनेही वाचला पाहिजे.

कोलकात्याच्या रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे उत्तरेचे टोक बागबाजारला होते. सुमारे सात मैलांची योजना होती, त्यांपैकी तीन मैलांच्या आसपास काम झाले. मराठे कोलकात्यावर आले नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला गेला.

भास्करराम १७४४ मध्ये अलीवर्दीखानाच्या भेटीसाठी गेला असता मारला गेला, तरी स्वाऱ्या चालूच राहिल्या. अखेर १७५१ मध्ये तह झाला. ओडिशा व्यवहारात भोसल्यांकडे गेला, बंगालची चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख रुपये ठरले आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा ओलांडायची नाही असे ठरले. १८०३ मध्ये इंग्रजांनी कटक घेईपर्यंत नागपूरकरांचा अंमल ओडिशात राहिला.

या तहामुळे सोने धुणाऱ्यांचा मोठा प्रदेश मराठी राज्याच्या नकाशावर आला. पूर्वेला सुवर्णरेखा सीमेवर, मध्ये महानदीचे खोरे आणि छत्तीसगड, पश्चिमेला वैनगंगेचे खोरे. या सर्व भागांत वाळू धुऊन सोने काढणारे छोटे छोटे समाज होते. पण तहात मोजली गेली ती चौथाईची रक्कम. नदीचे नाव सोन्याचे असले तरी दोन्ही सत्तांच्या लेखी ती केवळ सीमारेषा होती. याचे कारण पुढे येईल.

३. जुन्या राजवटींना काय ठाऊक होते

वाळूतल्या सोन्याची माहिती भारतीय राज्यकर्त्यांना पूर्वीपासून होती. महाभारताच्या सभापर्वात 'पिपीलिक' सोन्याचा, म्हणजे मुंग्यांनी उकरलेल्या सोन्याचा, नजराणा येतो. ग्रीक लेखक हेरोडोटसही भारताच्या सीमेवरील सोने उकरणाऱ्या मुंग्यांची गोष्ट सांगतो. तिच्यामागे काय असावे याबद्दल अभ्यासकांचे वेगवेगळे तर्क आहेत. भुसभुशीत मातीत सोन्याचे कण सापडतात, एवढी माहिती मात्र या गोष्टीच्या मुळाशी दिसते.

अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त अधिक व्यवहारी नोंद केली आहे. गंगा, सिंधू आणि इतर अनेक नद्यांच्या वाळूतून सोने धुऊन काढता येते, पण त्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा श्रम आणि खर्च जास्त होतो, असा तिचा आशय आहे. मुघल दरबाराने या सोन्याचा हिशेब करून ते बाजूला ठेवले होते, हे यावरून कळते.

मग राज्यकर्ते कुठे लक्ष घालत? जिथे श्रमाचा खर्च राज्यावर पडत नव्हता तिथे. आसाममध्ये अहोम राजांच्या काळात सुबनसिरीसारख्या नद्यांवर सोने धुणारे लोक राज्याला दरवर्षी ठरावीक सोने कर म्हणून देत. सोनोवाल कछारी या समाजाचे नाव त्याच कामावरून आले आहे. तिथे राज्याची सेवा प्रजेवर बंधनकारक होती, त्यामुळे मजुरीचा प्रश्न राज्यापुढे येतच नव्हता. अबुल फझलचे गणित इथेही लागू होते, फक्त तोटा धुणाऱ्याने सोसायचा होता.

४. सोनझारी, झारा, झारेकरी : नावांतला इतिहास

ज्यांच्याबद्दल कागदपत्रे कमी, त्यांच्याबद्दल शब्द बरेच सांगतात. वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात, सोने धुणाऱ्यांना 'सोनझारी' किंवा 'सोनझरा' म्हणतात. संबळपूर आणि छोटा नागपूरकडे हेच लोक 'झारा' किंवा 'झोरा' होतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात या समाजाची स्वतंत्र नोंद आहे. 'सोने' आणि 'झारणे', म्हणजे झाडून किंवा धुऊन वेगळे करणे, अशी या नावाची फोड सामान्यतः सांगतात. 'झोरी' म्हणजे लहान ओढा, अशीही एक व्युत्पत्ती आहे.

मराठीत याच कुळातला आणखी एक शब्द आहे : झारेकरी. सोनाराच्या दुकानातील केर, राख आणि दुकानापुढच्या गटारातील माती विकत घेऊन किंवा गोळा करून, ती धुऊन त्यातील सोन्या-चांदीचे कण काढणारा तो झारेकरी. उत्तरेत त्याला 'नियारिया', गुजरातीत 'धूलधोया' म्हणतात. काम तेच, पात्र तेच, भौतिकशास्त्रही तेच. फक्त नदीच्या जागी गटार आले.

हा बदल अपघाताने झाला नाही. कानस घासताना आणि दागिना झळाळताना सोनाराच्या बाकावरून जे सोने उडते, ते नदीच्या वाळूपेक्षा जास्त दाट असते. नदीवरचे काम पावसाळ्यानंतरच्या काही महिन्यांपुरते, तर सराफ्यातला केर बाराही महिने. त्यामुळे ओढ्याकाठचे अनेक सोनझारी शहरांच्या सराफ बाजारांकडे वळले. आजही विदर्भातील शहरांत पहाटे सराफा ओळीतील नाल्या उपसणारी सोनझारी कुटुंबे दिसतात. कोलकात्याच्या बहूबाजारातील सोनारांच्या गल्ल्यांत आणि मुंबईच्या झवेरी बाजारात हाच व्यवसाय चालतो. झवेरी बाजारातील कारागिरांत बंगालमधून आलेले लोक मोठ्या संख्येने आहेत. बंगाली कारागिराच्या बाकावरची धूळ मुंबईच्या गटारातून धुतली जाते, हे भारतीय श्रमाच्या स्थलांतराचे एक बोलके उदाहरण आहे.

५. कोलकात्याची नजर : व्यापारी, भूवैज्ञानिक आणि सट्टेबाज

कोलकात्याहून पश्चिमेकडे संपत्तीच्या शोधात गेलेल्यांची यादी लांब आहे. १७६६ मध्ये क्लाइव्हच्या सांगण्यावरून थॉमस मॉट हा व्यापारी संबळपूरच्या हिऱ्यांच्या शोधात निघाला. त्याला मराठ्यांच्या अमलातील ओडिशातून जावे लागले. महानदीच्या पात्रात हिराकुड बेटाजवळ झारा लोक रेती धुऊन हिरे शोधत आणि तीच रेती धुताना सोनेही काढत. मॉटच्या प्रवासातून कंपनीला कोणताही मोठा व्यापार हाती लागला नाही. त्याच परिसरात विसाव्या शतकात हिराकुड धरण झाले.

१८५१ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था सुरू झाली. तिच्यातील व्हॅलेंटाइन बॉल या भूवैज्ञानिकाने १८६० च्या दशकात सिंहभूमचा अभ्यास केला. सोने कोणत्या खडकातून येते हे शोधण्यासाठी त्याने आपल्या तळाबरोबर स्थानिक सोने धुणारे ठेवले आणि निरनिराळ्या ओढ्यांची रेती त्यांच्याकडून धुऊन पाहिली. सोन्याचा पहिला वैज्ञानिक नकाशा अशा रीतीने झारा लोकांच्या हातांनी तयार झाला. बॉलचे नाव ग्रंथात राहिले. धुणाऱ्यांची नावे इतिहासात आली नाहीत.

दक्षिणेत याआधी असेच घडले होते. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन म्हैसूर राज्याच्या सीमेची पाहणी करत असताना कोलारजवळच्या गावकऱ्यांनी माती आणून त्याच्यासमोर धुऊन सोने दाखवले. १८८० पासून जॉन टेलर आणि मंडळींनी तिथे खोल खाणी चालवल्या आणि कोलार भारतातील सर्वांत मोठे सुवर्णक्षेत्र ठरले. २००१ मध्ये त्या खाणी बंद झाल्या.

कोलारच्या यशाने इतरत्र हाव वाढवली. वायनाडमध्ये १८८० च्या आसपास लंडनच्या भांडवलावर कंपन्यांचे पेव फुटले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक बुडाल्या. १८९० च्या सुमारास हीच लाट कोलकात्यात आली. छोटा नागपूरच्या सोन्याच्या नावाने कंपन्या निघाल्या आणि त्यांचे भाग कोलकात्याच्या बाजारात विकले गेले. तर्क साधा होता : नदीत सोने आहे, अडाणी लोक लाकडी पात्राने ते काढतात, मग यंत्राने किती निघेल? बहुतेक कंपन्या काही वर्षांतच गुंडाळल्या गेल्या.

या तर्कातली चूक पाहण्यासारखी आहे. वाळूतले सोने हे लाखो वर्षांच्या झिजेचे साठलेले फळ असते. त्यावरून डोंगरात दाट शीर आहेच असे सिद्ध होत नाही. डोंगरभर विखुरलेल्या बारीक शिरांतूनही नदी हळूहळू सोने गोळा करू शकते. नदीने फुकट केलेले दळण आणि चाळण कंपनीला पैसे देऊन करावे लागते.

६. गुंजेचा हिशेब

हा मुद्दा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. समजा, एका ओढ्याच्या एक टन रेतीत ०.१ ग्रॅम सोने आहे आणि एक माणूस दिवसभरात एक टन रेती खणून, वाहून, धुऊ शकतो. जुन्या मापात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला, तर एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम होते. म्हणजे या माणसाची दिवसाची कमाई एका गुंजेपेक्षा कमी. एक तोळा सोने जमायला त्याला सुमारे ११७ दिवस लागतील, तेही एकही कण वाया गेला नाही आणि रोज तेवढीच रेती मिळाली तर.

शिवाय हे सोने शुद्ध नसते. त्यात चांदीचा अंश असतो. खरेदी करणारा गावचा व्यापारी भाव ठरवतो आणि बऱ्याचदा तोच आधी उचल देतो. त्यामुळे सोन्याचा बाजारभाव वाढला तरी धुणाऱ्याच्या हातात पडणारी वाढ अपुरी असते.

यातून एक नियम निघतो. शेतमजुरी मिळते तेव्हा माणूस नदीवर जात नाही. मजुरी बंद होते तेव्हा जातो. नदीतले सोने हे त्या भागातील सर्वांत कमी मजुरीच्या आसपास अडकून राहते. नदीत जास्त सोने असते तर बाहेरचे लोक धावून आले असते आणि कॅलिफोर्नियासारखे घडले असते. तिथे जानेवारी १८४८ मध्ये सोने सापडल्यावर जगभरातून माणसे लोटली आणि सहज हाती येणारे सोने थोड्या वर्षांत संपले. सुवर्णरेखेचे सोने शतकानुशतके टिकले, कारण ते धुण्यासाठी दुसरे कोणी यायला तयार नव्हते. अबुल फझलने जे एका ओळीत नोंदवले, आणि १७५१ च्या तहात या सोन्याचे महत्त्व का नव्हते, त्याचे उत्तर हेच आहे.

७. छंद आणि पोट

आज कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, स्कॉटलंड, फिनलंड येथे लोक सुटीत नदीवर जाऊन सोने धुतात. फिनलंडमधील टांकावारा येथे त्याच्या स्पर्धा भरतात. दिवसाअखेर दोन ठिपके मिळाले तरी आनंद होतो, कारण त्यांच्यावर घर चालायचे नसते. सुवर्णरेखेकाठी, तमाड आणि सोनाहातू भागात, तीच हालचाल करणारी बाई संध्याकाळच्या तांदळाचा विचार करत असते. तंत्र एकच आहे. छंद आणि मजुरी यांतला फरक दुसरे उत्पन्न आहे की नाही यावरून ठरतो.

भारतात नदीवर जाऊन छंद म्हणून सोने शोधावे असे कोणा विद्यार्थ्याला वाटले, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, खनिजांचा शोध आणि उत्खनन १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाखाली येते आणि त्यासाठी परवाना लागतो. दुसरी, सोन्याचे बारीक कण गोळा करण्यासाठी पारा वापरण्याची जुनी पद्धत शरीराला आणि नदीला घातक आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून सहभागी आहे. सराफ्यातील केर धुणारे पारा आणि नायट्रिक आम्ल वापरतात, तेव्हा त्याची वाफ छोट्या खोलीत त्यांच्याच कुटुंबाच्या नाकातोंडात जाते.

सुवर्णरेखेपुढे आज आणखी एक प्रश्न आहे. बांधकामासाठी होणारा वाळूउपसा, धरणे आणि कारखान्यांचे सांडपाणी यांनी नदीचे पात्र बदलत आहे. पुराने दरवर्षी नवी रेती आणून टाकली तरच धुणाऱ्याला पुढच्या हंगामात काही मिळते. पात्रच उपसले गेले, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काळ्या वाळूचे ज्ञान निरुपयोगी ठरेल.

सारांश

बागबाजारचा खंदक मराठ्यांच्या भीतीने खणला गेला आणि ती भीती ज्या तहाने संपली त्याने सुवर्णरेखा ही सीमा ठरवली. या नदीच्या आणि वैनगंगा-महानदीच्या खोऱ्यांतील सोने झारा व सोनझारी लोक धुत राहिले. मुघलांनी ते तोट्याचे मानले, अहोमांनी त्यावर कर बसवला, भूवैज्ञानिकांनी त्याचा नकाशा काढला आणि कोलकात्याच्या सट्टेबाजांनी त्यावर पैसा लावून गमावला. या सर्वांना धुणाऱ्याच्या ज्ञानाची गरज पडली. धुणाऱ्याची कमाई मात्र गुंजेच्या आतच राहिली. म्हणून नदीतल्या सोन्याचा इतिहास लिहिताना किती सोने निघाले या प्रश्नाआधी, ते कोणी काढले आणि त्या दिवशी त्याला दुसरे कोणते काम मिळत होते, हा प्रश्न विचारला पाहिजे.

स्वाध्याय

१. हुगळीच्या बागबाजार घाटावर नैसर्गिक सोने का सापडत नाही, ते घनता आणि नदीचा उतार यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. अबुल फझलची नोंद आणि १८९० च्या सुमाराची कोलकात्याची सट्टेबाजी यांची तुलना करा. वाळूतल्या सोन्याबद्दल दोघांचे अंदाज वेगळे का होते?

३. 'सोनझारी', 'झारेकरी', 'सोनोवाल' यांसारखी तुमच्या भागातील व्यवसायावरून पडलेली नावे गोळा करा. त्यांतून कोणत्या श्रमाचा इतिहास मिळतो?

४. तुमच्या गावच्या सराफ बाजारातील केर कोण धुते? वयस्क माणसांशी बोलून या कामाचा मागील पन्नास वर्षांचा बदल एका पानात लिहा.